उतरणीला लागलेली अक्षरे

भिंत मिळाली त्या दिवशी पेंटरला घरी पळत जावेसे वाटत होते. पाय मात्र हल्ली आपल्याच मर्जीने चालत, त्यामुळे बातमी त्याच्या आधी घरी पोहोचली. मेव्हणा सायकलवरून पुढे गेला होता आणि त्याने दारातूनच बहिणीला ओरडून सांगितले होते, "ताई, भाऊजींना भिंत मिळाली! बालशाळेची! अख्खी!"

"अख्खी म्हणजे?" बायकोने विचारले, तोवर पेंटर उंबऱ्यात येऊन पोहोचला.

"अख्खी म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत," तो म्हणाला. "एकेक अक्षर पोरांच्या उंचीचं. पोरं बोट फिरवून फिरवून शिकणार. फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत, सगळी एका रांगेत!"

"मग एवढं तोंड पाडून काय सांगताय?"

पेंटर चमकला. त्याला तर वाटत होते की आपण कानापर्यंत हसतो आहोत.

त्याला सगळे पेंटरच म्हणत. खरे नाव काय ते टपालवाल्याला ठाऊक. मिसरूड फुटायच्या आधी त्याने ब्रश हातात धरला आणि तेव्हापासून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. त्या भागातली दुकाने, दवाखाने, गिरण्या, शिकवणीचे वर्ग, सगळ्यांच्या डोक्यावर त्याचेच अक्षर. पुढे संगणकावर छापलेले फलक आले, दोन दिवसांत मिळू लागले, आणि बाकीच्या पेंटरांनी ब्रश ठेवून दिले. हा टिकला तो एका गोष्टीमुळे. त्याला काम करताना बघायला माणसे थांबत.

इतर पेंटर आधी भिंतीवर दोरी मारत. म्हणजे निळीच्या भुकटीत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की सटकन सरळ रेघ उमटते. अशा दोन रेघांच्या मधे अक्षरे उभी करायची, ही सर्वमान्य रीत. पेंटरने जन्मात दोरी मारली नाही. मान तिरपी करून भिंतीकडे बघायचे, एकदा घसा खाकरायचा आणि थेट पहिले अक्षर. अक्षरांचे सगळे पोट, पाय, शेपट्या आधी. डोक्यावरची रेघ सगळ्यांत शेवटी. तिला तो टोपी म्हणे. टोपी घालायची वेळ आली की समोरचा शिंपी मशीन थांबवी, चहावाला किटली खाली ठेवी, आणि पेंटर श्वास रोखून या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढी. रेघेखाली अक्षरे अशी बसत, जणू जन्मल्यापासून तिलाच लटकलेली. मग शिंपी म्हणे, "वा!" आणि मशीन पुन्हा सुरू होई.

वर्षभरापासून हा 'वा' जरा उशिरा येऊ लागला होता.

सुरुवात औषधाच्या दुकानापासून झाली. दुकानदार आपल्या नव्या फलकाकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, 'औषधालय'मधला औ हत्तीएवढा आणि य उंदराएवढा कसा? रंग वाचवताय की काय?"

आता पेंटरला कोणी आळशी म्हटले असते, भांडखोर म्हटले असते, तरी त्याने हसून सोडून दिले असते. पण रंग वाचवणारा! त्या धंद्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. त्याने फलक उतरवून पुन्हा रंगवून दिला. दुसऱ्या खेपेलाही य उंदराचा फार तर घूस झाला. बोलणे मात्र बाजारभर पसरले, की पेंटर म्हातारपणी कंजूष झाला.

पेंटरने कारणे शोधली. आधी ब्रशला दोष दिला, नवा आणला. मग चष्म्याला. चष्म्याच्या दुकानात त्याची मुलगीच कामाला होती, तिने नंबर तपासून सांगितले, "बाबा, डोळे ठणठणीत आहेत." मग टर्पेंटाइनवर आला. "भेसळ आहे," तो रंगाच्या दुकानात जाऊन म्हणाला, "पूर्वी डबा उघडला की नाकात झिणझिण्या यायच्या. आता वासच नाही." दुकानदाराने डबा स्वतःच्या नाकाला लावला, ठसकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "पेंटर, तुमचं नाक दुरुस्त करून आणा."

शिवाय उजवा खांदा धरला होता. त्यासाठी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे शेक आणि गोळ्या चालू होत्या. शर्टाच्या गुंड्या लावायला इतका वेळ लागे की मेव्हणा बाहेरून ओरडे, "भाऊजी, शर्ट घालताय की शिवताय?"

अशात ही भिंत मिळाली. म्हणून आनंद. ही भिंत साधली तर बाजाराच्या तोंडाला कुलूप लागेल, आणि नाही साधली तर ब्रश कायमचा धुऊन ठेवायचा, हे पेंटरने मनाशी ठरवून टाकले. बायकोला सांगितले नाही. तिला ते सांगावे लागत नसे.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. फाटक बंद, झोके रिकामे, भिंतीला पांढरेशुभ्र अस्तर दिलेले. पेंटर बुटक्या स्टुलावर बसला, मान तिरपी केली, घसा खाकरला आणि अ काढला. काय अ होता! मेव्हणा रंग ढवळायचा थांबला. आ, इ, ई... हात झरझर चालला होता. निदान पेंटरला तसे वाटत होते. जेवायची सुट्टी न घेता त्याने अः पर्यंतचे सगळे स्वर संपवले, टोप्या घातल्या आणि विचारले, "कसं काय?"

मेव्हणा रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता. पेंटरही गेला.

अ पोराच्या डोक्याला लागेल एवढा होता. ई खांद्याला. ऊ कमरेला. आणि अः बिचारा गुडघ्याशी बसला होता, त्याची दोन टिंबे मोहरीच्या दाण्यांसारखी. सगळी रांग पायऱ्या उतरावी तशी उतरत गेली होती.

"उपाशी ठेवलीत का हो यांना?" मेव्हणा म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई बाहेर आल्या. एकही छडी न वापरता शाळा चालवणाऱ्या बाई. नुसते बघितले की पुरे. त्यांनी बघितले.

"पेंटर, ही अक्षरं आहेत की घसरगुंडी?"

"बाई, पुसून पुन्हा काढतो."

"काढा. पण शाळा उघडायच्या आत भिंत तयार हवी. पोरांना अ मोठा आणि ज्ञ छोटा असा धडा मला द्यायचा नाही. होत नसेल तर आत्ता सांगा, मी छापील अक्षरं चिकटवून घेते. त्यात कमीपणा काही नाही."

पेंटरने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि बारा स्वर स्वतःच्या हाताने पुसले. अ पुसताना हात जरा थांबला. मग तोही पुसला.

त्या संध्याकाळी तो खांद्याचे रडगाणे घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेला. दवाखाना माडीवर. डॉक्टर रुग्ण नसल्यामुळे खिडकीत उभे राहून रस्ता बघत होते. पेंटर जिना चढून आत आला, खुर्ची ओढू लागला, तोच डॉक्टर म्हणाले, "बसू नका. परत खाली जा. समोरच्या दुकानापर्यंत चालत जा आणि या."

"का हो? कोणी काही मागवलंय का?"

"जा तर."

पेंटर गेला आणि आला. डॉक्टर अजून खिडकीतच होते. "पेंटर, तुमचा डावा हात चालताना पुढेमागे होतो. उजवा होत नाही. हातात ब्रश नसताना ब्रश धरल्यासारखा तो अंगाला चिकटलेला असतो. आजवर मी तुम्हाला या खुर्चीत बसलेलंच पाहत आलो. चालताना आज पहिल्यांदा नीट पाहिलं. हे खांद्याचं दुखणं नाही. आणखी काय काय होतंय ते सांगा बरं."

पेंटरने गुंड्यांचे सांगितले, वासाचे सांगितले आणि शेवटी, अगदी ओशाळून, अक्षरांचे सांगितले.

डॉक्टर खिडकी सोडून पुढे आलेच. "अक्षर लहान होत जातं? ओळ सुरू करताना मोठं आणि संपताना लहान? अहो मग हे मला आधी नाही सांगायचं?"

"ते काय दुखणं आहे का डॉक्टर? तो तर माझा धंदा आहे."

डॉक्टरांनी लगेच मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

घरी यावर गदारोळ झाला. "मेंदूचा डॉक्टर?" बायको म्हणाली. "ह्यांचं डोकं चांगलं ठिकाणावर आहे!"

"ताई, घाई नको," मेव्हणा म्हणाला. "आधी तपासू दे."

तिघेही गेले. डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, बोलक्या, आणि बघण्यात इतक्या पटाईत की पेंटर दारातून टेबलापर्यंत येईतो त्यांचे निम्मे काम झाले असावे. त्यांनी त्याला अंगठ्यावर तर्जनी टॅप टॅप आपटायला सांगितली. डावा हात तालात चालला. उजव्या हाताची बोटे आधी भरपूर उघडली, मग कमी, मग आणखी कमी, आणि शेवटी नुसती एकमेकांना चिकटून कुजबुजत राहिली.

"थांबलात का?"

"नाही बाई, जोरात करतोय!"

त्यांनी मनगट धरून हलवले. ते सरळ फिरेना; दातेरी चाक अडकत अडकत फिरावे तसे फिरले. मग कोरा कागद पुढे ठेवला. "एक ओळ लिहा. काहीही."

पेंटरने लिहिले, 'येथे सर्व प्रकारचे बोर्ड रंगवून मिळतील.' 'येथे' ठळक होते. 'मिळतील' वाचायला भिंग लागले असते.

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. कोडे सुटल्यावर पडतो तसला. "तुमच्या अक्षरांनी आजार पकडून दिलाय पेंटर. याला कंपवात म्हणतात. पार्किन्सनचा आजार."

बायकोने तोंडाला पदर लावला. तिच्या मामांना कंपवात होता; कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर, असे त्यांचे शेवटचे दिवस तिने पाहिले होते. पेंटरने मात्र दोन्ही हात टेबलावर पसरून पुढे केले.

"बाई, माफ करा, पण चूक होतेय. कंपवात म्हणजे कंप हवा ना? हा बघा हात. पान हलेल, हा हलणार नाही!"

"तिथंच सगळे फसतात," त्या म्हणाल्या. "कंप नावात आहे, प्रत्येकाच्या हातात असतोच असं नाही. कित्येकांना सुरुवातीला थरथर नसतेच. हालचाल मंद होते, अंग ताठरतं, चेहरा हलत नाही, आवाज बारीक होतो, वास जातो, खांदा धरतो. आणि अक्षर आखडतं. मेंदूत एक रसायन तयार होतं, ते हालचालीला जोर देतं आणि माप देतं. ते कमी पडलं की माप चुकतं. तुम्हाला वाटतं मी मोठं अक्षर काढतोय. हात काढतो छोटं. तुम्हाला वाटतं मी जोरात बोलतोय..."

"आणि आम्हाला ऐकू येत नाही!" मेव्हणा उसळून म्हणाला. "बरोबर! मला वाटायचं मुद्दाम पुटपुटतात, शिव्या देतात मला!"

"त्यासुद्धा देतो," पेंटर म्हणाला.

बायकोने पदर खाली घेऊन हळूच विचारले, "डॉक्टर, चेहरा हलत नाही म्हणालात... म्हणजे हसू आलं तरी?"

"हसू आलं तरी. आत येतं, बाहेर दिसत नाही."

बायको नवऱ्याकडे वळली. "अहो, मला वाटलं माझ्यावर रुसलात! गेलं वर्षभर मी विचार करतेय की माझं काय चुकलं!"

"अगं मी हसतच होतो," पेंटर म्हणाला. "आतून."

तिला रडावे की हसावे कळेना. तिने दोन्ही केले.

डॉक्टरीणबाईंनी काहीच झाकून ठेवले नाही. आजार समूळ जात नाही. हळूहळू पुढे सरकतो. पण औषध चांगले आहे, कमी पडणाऱ्या रसायनाची भरपाई करते. वेळ चुकवायची नाही, आपल्या मनाने बंद करायचे नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे, दूधदह्याबरोबर नको. रोज चालायचे, हात मोठे हलवायचे, मोठ्याने वाचायचे. दुसरे काही नाही ना, याच्या खात्रीसाठी काही तपासण्या. उठताना त्यांनी पुन्हा एक कागद पुढे केला. या वेळी रेघांचा. "तीच ओळ. या दोन रेघांना वर-खाली टेकली पाहिजेत अक्षरं."

पेंटरने लिहिले. आणि तो कागदाकडे बघतच राहिला. 'मिळतील' जवळजवळ 'येथे'एवढेच होते!

"हे... हे काय झालं? औषध तर अजून पोटात गेलं नाही!"

"आतलं माप बिघडलंय ना, मग बाहेरून माप द्यायचं. डोळ्यांना रेघ दिसली की हात तिथवर पोहोचतो. तेव्हा भिंतीवर आधी रेघ ओढा."

पेंटरचा उत्साह दाणकन खाली आला. "आधी रेघ? बाई, ते शिकाऊंचं काम."

घरी येताना मात्र त्याच्याने राहवेना. औषधाच्या दुकानात गोळ्या घेताना तो दुकानदाराला, स्वतःच्या मते मोठ्याने, म्हणाला, "रंग वाचवत नव्हतो! मेंदूत रसायन कमी होतं! तुमचा 'य' पाहून कोणी विचारलं तर सांगा, तो आजारी होता." शिंप्याला सांगितले, चहावाल्याला सांगितले, रंगाच्या दुकानात जाऊन भेसळीचा आरोप मागे घेतला. आजार झाल्याचा असा गाजावाजा त्या रस्त्याने पूर्वी पाहिला नव्हता. वर्षभर तो स्वतःला बिघडलेला माणूस समजत होता. आता निदान बिघाड कुठे आहे ते कळले होते, आणि तिथे पाना लावता येत होता.

पहिले काही दिवस गोळीने मळमळले. बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी मात्रा हळूहळू वाढवायला सांगितली. मग एका सकाळी मेव्हणा शर्टाच्या विनोदाची तयारी करून दारात उभा राहिला, तर पेंटर गुंड्या लावून बाहेर! चाल सुधारली, उजवा हात पुन्हा झोका घेऊ लागला. "चला भिंतीवर!" तो म्हणाला, आणि बायकोला ते स्वयंपाकघरात ऐकू आले.

पण पहिल्या दिवशी त्याने हट्ट सोडला नाही. दोरी नाही, टोपी शेवटी. अक्षरे पूर्वीपेक्षा बरी आली. तरी रांग उतरलीच. पायऱ्यांऐवजी आता उतार, एवढाच फरक. तीही पुसावी लागली.

"भाऊजी, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"मला ऐकायला येतं."

"येतं, पण डोक्यात जात नाही."

दुसऱ्या दिवशी पेंटर तावातावाने उठला. ठीक आहे, आधी रेघ तर आधी रेघ! पण मग दोरीबिरी नाही. ओढीन तर रंगानेच ओढीन, माझ्या पद्धतीने! आणि त्याने काळ्या रंगात फाटकापासून कोपऱ्यापर्यंत अशी काही टोपी ओढली की सुट्टीतही चार माणसे जमली. खाली पायासाठी मेव्हण्याने खडूची रेघ मारून दिली. मग पेंटरने स्वरांची जागा मोकळी सोडून त्या टोपीला एकेक अक्षर लटकवायला सुरुवात केली. क, ख, ग... सगळी अक्षरे वर भिडत होती, खाली टेकत होती. तो स्वतःशी मोठ्याने म्हणत होता, डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यासारखे, "मोठा! मोठा! अजून मोठा!" त्याला वाटे आपण राक्षसी अक्षर काढतोय, मागे सरून बघावे तर अगदी बेतशीर. प, फ, ब... हात असा चालला होता की ज्याचे नाव ते! म पर्यंत येऊन त्याने ब्रश उंच धरला. "मेव्हण्या, वाच!"

मेव्हणा पलीकडच्या कडेला उभा राहून ऐटीत वाचू लागला. "त, थ, द, घ, न..." तो अडखळला. "प, फ, ब, म, म."

"नीट वाच!"

"नीटच वाचतोय! दोन म आहेत भाऊजी. आणि घ इकडे त-थ-दच्या घरात काय करतोय?"

पेंटरने पाहिले आणि कपाळावर हात मारला. हाताला रंग होता, तो कपाळाला लागला. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, तिथे गाठ असते. सरसकट टोपी आधीच घातल्यामुळे भचा म झाला होता आणि धचा घ. ज्या चुकीवरून त्याने आयुष्यभर शिकाऊंची कानउघाडणी केली, तीच त्याने पोराच्या उंचीची करून ठेवली होती!

बायको जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा दोघे पलीकडच्या कडेला बसून हसत होते; पेंटरचे नुसते खांदे हलत होते. "काय झालं?" तिने विचारले.

"भाऊजींनी भचा म केलाय!" मेव्हणा म्हणाला. "आता भाऊजी नाही, माऊजी म्हणावं लागेल!"

तिने भिंत बघितली, चुका बघितल्या. पण तिचे लक्ष दुसरीकडेच होते. "अहो," ती म्हणाली, "सगळी सारखी आहेत की! क पासून म पर्यंत. उंची बघा ना!"

हसता हसता दोघे थांबले. खरेच, उतार नव्हता. चुकलेला ध आणि चुकलेला भ, दोघेही शेजाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. पेंटर डबा न उघडता उठला. "दोरी आण," तो मेव्हण्याला म्हणाला. "निळीची. दोन्ही रेघा निळीच्या मारू. अक्षरं काढून झाली की रेघ ओल्या फडक्यानं पुसून जाते. टोपी मग ज्याची त्याला, मापानं."

"म्हणजे शिकाऊंसारखी?"

"तोंड बंद कर आणि टोक धर."

सटकन वरची रेघ उमटली, सटकन खालची. त्या दिवसापासून भिंतीपुढे जो धडाका सुरू झाला! रंगाच्या टोप्या पुसल्या, स्वर नव्याने उभे राहिले. अ, आ, इ, ई खांद्याला खांदा लावून. पेंटर प्रत्येक अक्षर काढताना त्याचे नाव मोठ्याने घेई, त्यामुळे आवाजही सुटला. रस्त्याने जाणारे लोक बघायला थांबत, आणि पेंटर 'ओ!' असा ओरडला की दचकून 'ओ' देत.

शाळा उद्या उघडणार होती तेव्हा शेवटची काही अक्षरे उरली होती. आणि तिथेच घात होता होता राहिला. उत्साहात पेंटर दुपारची गोळी विसरला. श बरा आला. ष काढताना हात जडावला. स वरच्या रेघेला पोहोचेना. रेघ समोर दिसत होती, त्याला ती गाठायचीही होती, पण हात वाटेतच थांबून म्हणत होता, झालं की.

"गोळी घेतली?" बायकोने विचारले.

पेंटरने खिसा चाचपला; गोळी तिथेच होती.

"ठेवा तो ब्रश."

"अगं उद्या शाळा..."

"शाळा उद्या आहे. आज स ला उपाशी ठेवायचं नाही. बसा."

गोळी पोटात गेली. पेंटर स्टुलावर बसून भिंतीकडे बघत राहिला. मेव्हणा ब्रश धुऊन आला, पुन्हा रंग ढवळला, पुन्हा ब्रश धुऊन आला. शेवटी पेंटरने उजवा हात वर केला, बोटे ताडताड उघडली, मिटली, पुन्हा उघडली. ती कुजबुजत नव्हती. "दे ब्रश इकडे," तो म्हणाला. स पुसून नवा काढला. ह, ळ. मग क्ष. क्ष काढताना तो नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडला. ज्ञ नीट टेकवला आणि उजेड असेतो टोप्याही घातल्या.

मुख्याध्यापिका बाई आल्या तेव्हा निळीच्या रेघा पुसून झाल्या होत्या. त्या फाटकापासून निघाल्या. एक हात पोराच्या डोक्याच्या उंचीवर आडवा धरून, तो भिंतीजवळून नेत, एकेक अक्षर मापत त्या चालल्या. अ, अं, अः. क, च, ट. कुठेच थांबल्या नाहीत. पेंटर श्वास रोखून मागे. बायको त्याच्या मागे. मेव्हणा सगळ्यांच्या मागे, हातात फडके.

क्ष पाशी बाई थांबल्या. दोन पावले मागे सरल्या. पुन्हा हात धरून पाहिला.

"पेंटर, हा क्ष..."

"काय झालं बाई?"

"जरा मोठा झालाय."

मग पेंटर हसला. आतून नव्हे, ओठ फाकले, गाल वर गेले, डोळ्यांभोवती जाळे पडले, आणि बायकोने ते सगळे आपल्या डोळ्यांनी पाहिले.

"मोठा?" तो म्हणाला. "मोठा म्हणालात ना? मेव्हण्या, ऐकलंस? बाई म्हणतात मोठा झालाय!"

"अहो, मी तक्रार करतेय!" बाई गोंधळून म्हणाल्या.

"करा बाई, करा! पुन्हा एकदा करा! जरा मोठ्यानं करा, पलीकडे शिंप्यालाही ऐकू जाऊ दे!"

"लहान करू का?" मेव्हण्याने फडके पुढे केले.

"हात तर लावून बघ," त्याची बहीण म्हणाली.

बाईंनी तिघांकडे पाळीपाळीने बघितले. काय झाले ते त्यांना नीटसे कळले नसावे, पण त्यांनी हात खाली घेतला. "राहू दे मग," त्या म्हणाल्या. "क्ष गिरवायला पोरांना उडी मारावी लागेल. मारू देत."